विषय दिलेला, फोटो आपला

ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या मुदतीत फोटो काढून ग्रुपमध्ये मांडायचा, या प्रकारात आता बरेच हौशी फोटोग्राफर रमले आहेत. त्याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला एक विषय असतो. मला जे सुचतं तेच आणखी दहा जणांनी काढलेलं असतं. ‘वाट’ म्हटलं की झाडांमधून जाणारा रस्ता, ‘दार’ म्हटलं की जुनं लाकडी दार. वेगळं सुचायला काय करावं?

पहिली कल्पना सगळ्यांची सारखीच निघते. शब्द वाचल्याबरोबर डोळ्यांपुढे येतो तो आधी कुठेतरी पाहिलेला फोटो. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. कागदावर विषय लिहा आणि खाली वीस नोंदी करा. पहिल्या पाच-सहा झरझर येतील, त्या खोडून टाका. आठव्या-नवव्या नोंदीपाशी गाडी अडते. खरं काम तिथून सुरू होतं.

अडलं की शब्दच फिरवून पाहा. मराठीत एकेका शब्दाला इतके वाक्प्रचार चिकटलेले आहेत की हे काम फार अवघड नाही. वाट पाहणे, वाट चुकणे, वाट अडवणे, वाट लागणे. यातल्या ‘वाट पाहणे’ला रस्ता लागतच नाही. उघडं फाटक आणि त्यापाशी रिकामी खुर्ची पुरते. ‘वाट अडवणे’ला मुंग्यांच्या रांगेत आडवी पडलेली काडी चालेल. दाराचंही तसंच. दार किलकिलं असतं, दारावर थाप पडते, दाराखालच्या फटीतून उजेड येतो. या शेवटच्या फोटोत दार जवळजवळ काळंच असेल आणि तरी विषय दारच राहील.

मग कसोटी. विषयाची वस्तू फोटोत अंगठ्याने झाका. उरलेलं चित्र तितकंच चांगलं दिसत असेल, तर विषय फोटोत नुसता हजर होता, त्याला काही काम नव्हतं. सुंदर सूर्यास्ताच्या कोपऱ्यात एक दार दिसतंय, एवढ्याने तो ‘दार’ या विषयाचा फोटो होत नाही. विषय झाकल्यावर चित्र कोसळलं पाहिजे. दुसरी कसोटी मथळ्याची. मथळा न वाचता विषय ओळखता यावा. खाली चार ओळींचं स्पष्टीकरण लागत असेल, तर ती कल्पना लिहायची आहे, काढायची नाही.

सात दिवसांच्या मुदतीत पहिले दोन दिवस यादीला द्या. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर कच्चे फोटो काढून पाहा. त्यातली एकच कल्पना धरून उरलेले दिवस प्रकाशासाठी ठेवा. शेवटच्या संध्याकाळी सुरुवात केली की हाती पुन्हा पहिलीच कल्पना लागते.

प्रश्न : ‘सावली’ या विषयावर काढलेल्या फोटोत सावल्या फिक्या आणि कडेला पसरट येतात. ऊन तर कडक होतं.

दोन वेगळे दोष आहेत, कारणंही वेगळी आहेत.

पसरट कडेचं कारण म्हणजे वस्तू आणि सावली पडते ती भिंत यांच्यातलं अंतर. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कड या अंतराच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढी पसरते. हात भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर कड १ मिलिमीटर पसरेल, म्हणजे कातरल्यासारखी दिसेल. १ मीटरवर ती ९ मिलिमीटर होते आणि ५ मीटरवरच्या फांदीची ४-५ सेंटिमीटर. बोटं, जाळी, चष्मा अशा बारीक आकारांना भिंतीजवळ न्या. झाडाची सावली धूसरच येणार, तिच्यात पानांचा आकार शोधू नका.

घरात दिव्याने सावली पाडत असाल तर हिशेब असा : दिव्याची रुंदी गुणिले वस्तू-भिंत अंतर, भागिले दिवा-वस्तू अंतर. ६ सेंटिमीटरचा बल्ब हातापासून २ मीटरवर आणि हात भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर कड दीड सेंटिमीटर पसरेल. त्याच जागी मोबाईलचा टॉर्च ठेवला की कड जेमतेम मिलिमीटरभर उरते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, नाहीतर सावल्या दोन होतील आणि दोन्ही अर्धवट पडतील.

फिकेपणाचा दोष बहुतेक वेळा मोबाईलचा असतो. त्यातला एचडीआर अंधारा भाग उजळवतो, म्हणजे नेमकी सावलीच पुसतो. तो बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १ ठेवा. फ्लॅश आपोआप पेटू देऊ नका.

लांबीसाठी वेळ निवडा. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली उंचीएवढी पडते, ३० अंशांवर पावणेदोन पट, १५ अंशांवर पावणेचार पट. लांब सावली हवी असेल तर सूर्य बराच खाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वेळी पाठीशी सूर्य घेतला तर फोटोग्राफरची स्वतःची सावली फ्रेममध्ये घुसते. थोडं बाजूला सरका किंवा तिलाच कामाला लावा.

प्रश्न : डबक्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो काढला. पाण्याची कड स्पष्ट आली, इमारत मात्र धूसर. असं का?

कारण फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर बसला. प्रतिबिंब पाण्यावर चिकटलेलं नसतं. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्याचं अंतर म्हणजे कॅमेरा ते पाणी आणि पाणी ते इमारत यांची बेरीज. डबकं १ मीटरवर आणि इमारत तिथून २० मीटरवर असेल, तर फोकस २१ मीटरवर हवा. फोकसचा चौकोन प्रतिबिंबातल्या खिडकीसारख्या ठसठशीत कडेवर ठेवा, काठावरच्या खड्यावर नको.

काठ आणि इमारत दोन्ही स्पष्ट हवे असतील तर वाइड लेन्स घ्या. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ११ आणि फोकस १.८ मीटरवर ठेवला की साधारण ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट मिळतं. मोबाईलला छोट्या सेन्सरमुळे हे फुकटात जमतं, या विषयात तो मोठ्या कॅमेऱ्याच्या पुढे आहे.

कॅमेरा जितका खाली न्याल तितकं प्रतिबिंब ठळक. सरळ वरून पाहिलं तर पाणी अंगावर पडलेल्या उजेडापैकी फक्त दोन टक्के परत पाठवतं. नजर तिरकी झाली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन पाण्याला जवळजवळ टेकेल. विताएवढ्या डबक्यातही अख्खी इमारत मावते.

पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, फिरवता येणारी काच) लावलेला असेल तर काढा किंवा फिरवून पाहा. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहताना तो प्रतिबिंब जवळपास पूर्ण खाऊन टाकतो. चकचकीत धातूवरच्या प्रतिबिंबावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. तिथे फिल्टर फिरवत बसण्यात वेळच जातो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. कॅमेरेवाल्यांपुढे टिकाव लागेल का?

लागेल, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे फोटो शेवटी स्क्रीनवरच पाहिले जातात. काही पथ्यं पाळा. प्रत्येक वेळी लेन्स मऊ कापडाने पुसा. दिव्यांभोवती येणारी धुरकट आभा बहुतेक वेळा बोटांच्या तेलाची असते. मुख्य लेन्स वापरा. झूमचं बटण दाबूनही कमी उजेडात बरेच मोबाईल गुपचूप मुख्य लेन्सचाच तुकडा कापून मोठा करून देतात. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जाणं बरं. फोकसच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. फ्रेम बदलतानाही उजेड बदलू नये यासाठी हे कराच. पोर्ट्रेट मोड केस, काच आणि तारा यांच्या कडा चुकीच्या कापतो. चष्मा घातलेल्या माणसाचा फोटो टाकण्याआधी मोठा करून पाहा.

क्रॉपची भीती बाळगू नका. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोचा दोन्ही बाजूंनी निम्मा भाग ठेवला तरी २००० गुणिले १५०० उरतात. पाहायला तेवढे पुरतात.

मोबाईल खरोखर मागे पडतो तो दूरच्या पक्ष्यांत आणि वेगवान खेळांत. असा विषय आला तर पक्ष्याऐवजी गळलेलं पीस घ्या.

प्रश्न : जुना फोटो विषयात चपखल बसतो. टाकावा का?

नियमात ‘मुदतीतलाच फोटो’ असं असेल तर नाही. तसं लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. मुदतीत नवा फोटो काढण्यातच या खेळाची गंमत आहे, साठ्यातला शोधणं हा वेगळा खेळ झाला.

नवा फोटो असूनही जुना ठरण्याचा घोळ मात्र वारंवार होतो. फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची तारीख नोंदलेली असते आणि ती कॅमेऱ्याच्या घड्याळावर चालते. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर परत जातं. चॅलेंज सुरू होण्याआधी ते तपासा. स्क्रीनशॉट घेतला किंवा मेसेजिंग अॅपमधून फोटो फिरवून आणला की मूळ तारीख जाते, म्हणून पहिली फाइल जपून ठेवा. ग्रुपमध्ये वेगवेगळ्या देशांतले लोक असतील तर मुदतीची वेळ कोणत्या प्रमाणवेळेची आहे तेही पाहा. ‘रविवार रात्री १२’ हे जगात एकाच वेळी वाजत नाहीत.

प्रश्न : माझ्या संगणकावर रंग छान दिसतात, ग्रुपमध्ये टाकल्यावर फोटो फिका आणि मऊ पडतो.

फिकेपणा बहुधा कलर स्पेसमुळे, म्हणजे फाइलमध्ये रंग नोंदण्याच्या पद्धतीमुळे. फोटो अॅडोबी आरजीबीमध्ये सेव्ह केलेला असेल आणि अपलोड होताना त्याचं प्रोफाइल (ती पद्धत कोणती हे सांगणारी नोंद) गळालं, तर पाहणारं अॅप त्याला एसआरजीबी समजतं. मग हिरवे-लाल रंग मरगळतात. एसआरजीबी हे १९९९ पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि प्रोफाइल नसलेला फोटो बहुतेक ठिकाणी तसाच वाचला जातो. म्हणून एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीच निवडा. अॅडोबी आरजीबी छपाईच्या कामासाठी ठेवा.

मऊपणा आकारामुळे येतो. ६००० पिक्सेलची फाइल टाकली की समोरची यंत्रणा ती आपल्या पद्धतीने लहान करते आणि घट्ट दाबते. ते काम आपणच करावं. ग्रुपने माप दिलं नसेल तर लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपीईजी क्वालिटी ८० ते ८५. शार्पनिंग लहान केल्यानंतर, सगळ्यात शेवटी. आधी केलेलं लहान करताना विरून जातं, आणि त्याची भरपाई म्हणून जास्त केलं की आकाशाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मेसेजिंग अॅपवरून पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण तशा फाइलसोबत फोटो काढल्याचं ठिकाणही समोरच्याकडे पोहोचू शकतं. घरी काढलेल्या फोटोतून लोकेशन आधी काढून टाका.

आणि स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून एडिट करा. पूर्ण उजळ स्क्रीनवर केलेले फोटो इतरांना काळपट दिसतात.

प्रश्न : ‘गती’ विषयासाठी सायकलस्वार स्पष्ट आणि मागचं सगळं पळतं असा फोटो हवा आहे. माझ्या फोटोत दोन्ही धूसर येतात.

याला पॅनिंग म्हणतात. पहिल्या दहा फोटोंत ते कोणालाच जमत नाही. सायकलला १/३० सेकंदापासून सुरुवात करा, धावणाऱ्याला १/१५ ते १/३०, मोटारीला १/६०. शटर स्पीड स्वतः ठरवता येईल असा मोड, कंटिन्युअस फोकस आणि सलग फोटो काढणारा मोड लावा. पाय रोवून उभे राहा आणि पावलं जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला वळवा. धड कमरेतून मागे फिरवून सायकल लांब असतानाच फ्रेममध्ये पकडा, तिच्या वेगाने वळत या, ती समोर आली की बटण दाबा आणि दाबल्यावरही वळत राहा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. बटण दाबताक्षणी हात थांबतो आणि दोन्ही धूसर होतात.

सायकल समोरून आडवी जायला हवी. तिरकी येत असेल तर तिचं चाक स्पष्ट आणि माणूस धूसर असं काहीतरी होईल. लेन्समध्ये स्थिरीकरणाचा पॅनिंगसाठी वेगळा मोड असेल तर तो लावा, साधा मोड तुमच्या वळण्यालाच विरोध करू शकतो. मागे झाडं, रंगीत भिंत किंवा माणसं असू द्या. कोऱ्या आकाशात पळणारं काही दिसतच नाही.

कडक उन्हात अडचण येते ती उजेडाची. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ आणि १/१०० सेकंद असा उजेड असताना १/३० साठी अॅपर्चर एफ २८ च्या आसपास बंद करावं लागेल. बऱ्याच लेन्स तेवढ्या बंद होत नाहीत, आणि होतात त्यांचा फोटो मऊ पडतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड आठव्या हिश्शावर आणणारी करडी काच) लावला की तेच काम एफ १० वर होतं. फिल्टर नसेल तर सावलीतला रस्ता निवडा. चाळीस फोटोंत दोन चांगले निघाले तर हात बसला म्हणायचं.

प्रश्न : घरातल्या दिव्यांत काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला का?

नाही. स्वस्त एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकतात, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्‌झवर १२० वेळा. शटर यापेक्षा वेगवान झालं की सेन्सरच्या काही ओळींना उजेड मिळतो, काहींना कमी. ५० हर्ट्‌झला १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्‌झला १/६० किंवा १/१२०. इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर मेकॅनिकल लावून पाहा. ‘गती’ घरात काढणार असाल तर खिडकीचा उजेडच बरा.

प्रश्न : ‘कृष्णधवल’ विषयाला लाल फुलाचा फोटो दिला. रंगीत असताना उठून दिसत होतं, रंग काढल्यावर फूल पानांत हरवलं.

लाल आणि हिरवा रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा सारखा असू शकतो. रंग काढला की दोन्हींचा एकच करडा होतो. ‘सॅच्युरेशन शून्य’ करण्याऐवजी एडिटिंग अॅपमधला कृष्णधवल मिक्सर उघडा, लाल वर आणि हिरवा खाली न्या. फूल उजळेल, पानं गडद होतील. उलटंही करता येतं. फार ताणलं तर मऊ भागांत दाणे आणि डाग दिसू लागतात. फोटो काढतानाच कॅमेऱ्याचा मोनोक्रोम प्रिव्ह्यू आणि सोबत रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली नोंद) ठेवली तर हा घोळ जागेवरच कळतो आणि रंगही हातातून जात नाहीत.

प्रश्न : एडिटिंग किती चालतं? एआयने आकाश बदललं तर?

नियम ग्रुपचा. तो लिहिलेला नसेल तर सर्वसाधारण रेघ अशी : क्रॉप, क्षितिज सरळ करणं, उजेड-रंग सुधारणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं याला कोणी हरकत घेत नाही. फ्रेममध्ये नव्हतं ते आणणं आणि होतं ते मोठ्या प्रमाणावर काढणं हे सांगून करावं. मोबाईलमधलं माणसं पुसणारं बटणही याच दुसऱ्या गटात येतं, बरेच जण त्याला साफसफाई समजतात. फ्रेम वाढवणारं टूल तर कडांवर सरळ नवं चित्र रंगवतं.

या प्रश्नाने मोठ्या स्पर्धाही हादरल्या आहेत. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका विभागात निवडलेलं चित्र एआयने बनवलेलं होतं. ते पाठवणाऱ्या कलाकारानेच तसं जाहीर करून पुरस्कार नाकारला. २०२४ मध्ये उलटं घडलं. एका स्पर्धेच्या एआय विभागात बक्षीस मिळालेला रोहित पक्ष्याचा फोटो कॅमेऱ्याने काढलेला खराखुरा निघाला आणि बाद झाला. फसवणुकीला संगणकच लागतो असंही नाही. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेतला २०१७ चा एक विजेता फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. त्यातला मुंगीखाऊ बहुधा पेंढा भरलेला होता, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. फोटोग्राफरने तो मान्य केला नाही.

तुम्ही मूळ फाइल जपा आणि काय केलं ते एका ओळीत लिहा. ‘आकाश बदललं आहे’ एवढं पुरे.

प्रश्न : इतरांच्या फोटोंवर काय लिहावं कळत नाही. ‘सुंदर’ लिहून गप्प बसतो.

‘सुंदर’ने कोणाचं नुकसान होत नाही, उपयोगही होत नाही. तीन गोष्टी लिहा : नजर आधी कुठे गेली, कुठे अडखळली आणि एक बदल. उदाहरणार्थ, ‘आधी मुलाच्या हाताकडे लक्ष गेलं. मग उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिशवीने ओढून घेतलं. उजवीकडून थोडा कापला तर हात एकटा राहील.’ यात चांगलं-वाईट असा शिक्का नाही, आणि समोरच्याला लगेच करून पाहता येतं. नजर कुठे गेली हे प्रामाणिकपणे सांगणं सगळ्यात मोलाचं, कारण काढणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. त्याला ती पिशवी तिथे होती हेच आठवत नसतं.

‘मी असतो तर वेगळ्या जागेवरून काढला असता’ हे लिहू नका. ती जागा आता मिळणार नाही. कॅमेरा कोणता वापरला ही चौकशीही सगळ्यात शेवटी.

प्रश्न : रोज एक फोटो असं वर्षभराचं चॅलेंज घेतलं आणि दोन महिन्यांत दमले. सोडून द्यावं का?

३६५ सोडा, ५२ घ्या. रोजच्या चॅलेंजमध्ये हजेरीचं ओझं इतकं होतं की रात्री अकरा वाजता टेबलावरच्या पेल्याचा फोटो काढून दिवस भरला जातो. आठवड्याच्या चॅलेंजमध्ये विचार करायला, फसायला आणि पुन्हा काढायला वेळ असतो. रोजचंच करायचं असेल तर महिनाभराचं घ्या आणि चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. थकबाकी साठली की माणूस खेळातून उठतो.

घराबाहेर पडता येत नाही ही सबब मात्र धरू नका. एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये काढलेला ढोबळ्या मिरचीचा जगप्रसिद्ध फोटो पत्र्याच्या नरसाळ्यात मिरची ठेवून काढलेला आहे. नरसाळ्याच्या आतून परतलेल्या उजेडाने तिला ती गोलाई आली.

प्रश्न : चॅलेंजमध्ये फोटो दिला की त्यावरचा हक्क जातो का?

आपोआप जात नाही. १८८६ च्या बर्न करारात सहभागी असलेल्या देशांत फोटो काढताक्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणी लागत नाही. जातो तो अटी न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवल्याने. आयोजकाला फोटो दाखवण्याची परवानगी द्यावीच लागते. ‘कायमस्वरूपी’, ‘मागे न घेता येणारी’, ‘इतरांना देता येईल अशी’ परवानगी हे शब्द एकत्र दिसले तर मात्र थांबा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना फोटो ठरलेल्या अटींवर मोफत वापरू देणारा) मागितला असेल तर तो एकदा दिल्यावर मागे घेता येत नाही हे लक्षात ठेवून निवडा.

फोटोतल्या माणसाची संमती ही वेगळी बाब. ओळखू येणारा चेहरा असेल तर विचारा, मूल असेल तर पालकांना विचारा. ‘एकटेपणा’ किंवा ‘म्हातारपण’ अशा विषयाखाली अनोळखी माणसाचा चेहरा लावणं म्हणजे त्याच्याबद्दल विधान करणं आहे. पाठमोरा फोटो अशा वेळी जास्त बोलतो.

प्रश्न : आम्ही पंचवीस जण मिळून असा उपक्रम सुरू करतो आहोत. नियम कसे असावेत?

कमी आणि लेखी. मुदत दहा ते चौदा दिवसांची ठेवा, म्हणजे प्रत्येकाला किमान एक सुट्टी मिळते. माणशी एकच फोटो. दोन-तीनची मुभा दिली की लोक निवड करणं थांबवतात, आणि निवड हाच अर्धा अभ्यास आहे.

विषय देताना वस्तू, गुण आणि तंत्र आळीपाळीने द्या : ‘दोरी’, मग ‘ओलसर’, मग ‘फक्त एका दिव्याच्या उजेडात’. ‘निसर्ग’, ‘जीवन’, ‘सौंदर्य’ असे विषय टाळा, त्यांत काहीही बसतं आणि म्हणून कोणी काही शोधत नाही. उलट ‘बर्फ’ किंवा ‘समुद्र’ दिलात तर निम्मे लोक घरीच बसतील. विषयाखाली दोन ओळींचा खुलासा हवा, पण नमुना फोटो देऊ नका. दिलात तर त्याच्याच पंचवीस नकला येतील.

मतदान ठेवणार असाल तर नावं झाका आणि फोटोंचा क्रम प्रत्येकाला वेगळा दाखवता आला तर पाहा, कारण यादीत वर असलेल्याला फायदा होतो. प्रत्येकाने तीन फोटो निवडून ३-२-१ गुण द्यावेत, स्वतःला देऊ नयेत. बरोबरी झाली तर ३ गुण जास्त वेळा मिळालेला पुढे. गुण तिन्ही वेळा एकाच निकषावर द्या : विषय काढून घेतला तर हा फोटो उभा राहतो का? उभा राहत असेल तर गुण कमी. तांत्रिक सफाईला वेगळे गुण ठेवू नका, नाहीतर महागड्या लेन्सवाले दर वेळी जिंकतील. बक्षीस म्हणून पुढचा विषय ठरवण्याचा मान पुरेसा आहे.

पंचवीसमधले दहा-बारा जणच नियमित राहतील. फोटो न देणाऱ्यांना काढून टाकू नका, पण त्यांनी तीन फोटोंवर प्रतिक्रिया लिहावी अशी अट घाला. आयोजकाचं काम दर महिन्याला दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न : फोटोवर नाव टाकावं का?

नावं झाकलेल्या मतदानात अजिबात नाही, फोटो बाद होईल. एरवी टाकायचं असेल तर खालच्या कोपऱ्यात, फोटोच्या उंचीच्या दोन टक्क्यांहून मोठं नको. चोरणारा ते कापूनच घेतो. नाव आणि हक्क फाइलच्या माहितीतही लिहा. काही अॅप अपलोड करताना ती माहिती पुसतात, म्हणून मोठी मूळ फाइल स्वतःकडे राहू द्या. वाद झालाच तर ती दाखवता येते.